मुले मैदानावर कशासाठी येतात?

मंडळाच्या गेल्या सभेत देवळामागील पटांगणाचा विषय निघाला. पटांगणास फरशी घालून ते लग्नमुंजींसाठी भाड्याने द्यावे, त्यायोगे जीर्णोद्धाराच्या निधीस हातभार लागेल, अशी सूचना एका ज्येष्ठ सभासदांनी मांडली. सूचना अव्यवहार्य नव्हती. देवळाच्या शिखरास तडे गेले आहेत हे आम्ही सर्वच जाणतो. त्यावर कोणी म्हणाले की, तेथे रोज संध्याकाळी पंचवीस-तीस मुलेमुली खो-खो खेळतात, त्यांचे काय करावयाचे? तेव्हा त्या सभासदांनी शांतपणे विचारले, "खेळतात हे खरे; पण त्यातून त्यांना मिळते काय?"

उत्तर देण्यास कोणी मागे राहिले नाही. एक म्हणाले, शरीर सुदृढ होते. दुसरे म्हणाले, शिस्त अंगी बाणते. तिसऱ्यांनी गुजरातेत २०१० पासून भरणाऱ्या खेल महाकुंभाचा दाखला दिला आणि आपल्या वडोदऱ्याच्या मुलांनी तेथे नाव काढावे असे सुचविले. चौथ्यांच्या मते खेळाडूचे प्रमाणपत्र पुढे नोकरीस उपयोगी पडते. आम्हीही दोन शब्द बोललो. परंतु घरी परतताना आमच्या ध्यानात आले की, ही सारी उत्तरे आम्हां वडीलधाऱ्यांची होती. ज्यांच्याविषयी प्रश्न होता, त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हे आजचेच आहे असे नव्हे. मुलांच्या खेळास नियमांची चौकट घालून देणाऱ्या प्रत्येक पिढीने आपला काही हेतू त्या चौकटीत बसविला आहे. इंग्लंडातील रग्बीच्या शाळेचे मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड ह्यांचे नाव ह्या संदर्भात नेहमी घेतले जाते. वास्तविक त्यांचे स्वतःचे लक्ष खेळापेक्षा धर्म आणि नीती ह्यांकडे अधिक होते. ती कीर्ती त्यांना मिळाली ती बरीचशी त्यांच्या एका विद्यार्थ्याने १८५७ साली लिहिलेल्या कादंबरीमुळे. पुढे साम्राज्य चालविण्यास लागणारी माणसे क्रिकेटच्या आणि फुटबॉलच्या मैदानावरच घडतात, असा समज तिकडे दृढ झाला. तोच समज घेऊन टिंडेल-बिस्को नावाचे मिशनरी शिक्षक श्रीनगरास आले आणि १८९१ साली त्यांनी तेथील पंडितांच्या मुलांपुढे कातडी चेंडू ठेवला. कातड्यास पाय लावावयाचा नाही म्हणून मुले जागची हलेनात. तेव्हा छड्या घेतलेले मास्तर भोवती उभे करून त्यांना खेळावयास लावण्यात आले. एकाच्या तोंडावर चेंडू आदळला तेव्हा आपण बाटलो म्हणून तो रडू लागला. चारित्र्य घडविण्याची ही रीत! हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी मैदानावर जे झाले त्यास खेळ म्हणावे काय?

आपल्याकडील हेतू निराळे होते, पण हेतू होतेच. जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा प्रोफेसर माणिकरावांनी ह्याच शहरात पुढे चालविला, तेव्हा परतंत्र देशातील तरुणांचे मनगट बळकट व्हावे ही तळमळ त्यामागे होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. येथील हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय सामने भरविले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी व्यायाम आणि खेळ जगापुढे मांडले. ह्या माणसांविषयी आमच्या मनात आदरच आहे. गल्लीत, अंगणात, सणावारी खेळले जाणारे खेळ त्यांनी उचलले, त्यांना मापे दिली, पंच दिला, घड्याळ दिले. आणि त्या खेळांनीच पुढे काय उंची गाठली हे २०२५ च्या जानेवारीत आपण पाहिले. दिल्लीस भरलेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलांनी व मुलींनी, दोहोंनीही, नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविले. तथापि राष्ट्रासाठी, आरोग्यासाठी, पदकासाठी असे जे म्हटले जाते, ते खेळाच्या बाहेरचे आहे. चौदा वर्षांचा मुलगा संध्याकाळी साडेपाच वाजता दप्तर भिरकावून पटांगणाकडे धावत सुटतो, तो राष्ट्राचा विचार करीत धावतो असे मानणे भोळेपणाचे होईल.

आरोग्याचेच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे अकरा ते सतरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी शेकडा एक्याऐंशी मुलांना रोजची तासभराचीही पुरेशी हालचाल नाही. आकडा काळजी करण्याजोगाच आहे. परंतु केवळ आरोग्य हवे असेल तर घरी सूर्यनमस्कार घालता येतात. त्यास ना आठ सोबती लागतात, ना पंच. आरोग्याच्या उपदेशाने मूल मैदानावर आले, असे आम्ही तरी आजवर पाहिलेले नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही पटांगणावर जाऊन बसलो, आणि मग जवळजवळ महिनाभर जातच राहिलो.

खो-खो सर्वांनी पाहिलेला असतो, परंतु बहुतेकांनी पाहिलेले असते ते पळणाऱ्यास. मैदानाच्या दोन टोकांस दोन खांब. त्यांच्यामध्ये सरळ ओळीत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले. नववा पाठलाग करणारा. पळणारे तिघातिघांच्या तुकडीने येतात आणि बसलेल्यांच्या मधून हवे तसे वळतात. पाठलाग करणाऱ्यास मात्र तशी मुभा नाही. त्याने एकदा एक दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळावयाचे नाही, मधली रेषा ओलांडावयाची नाही. पळणारा हुलकावणी देऊन पलीकडे गेला तर त्यास एकच मार्ग उरतो: बसलेल्या सोबत्याच्या पाठीस हात लावून 'खो' म्हणावयाचे, आणि त्याच्या जागी आपण बसावयाचे. बसलेल्यानेही खो मिळाल्यावाचून उठावयाचे नाही. डोळ्यांसमोरून गडी निसटून जात असला तरी नाही. (अलीकडच्या व्यावसायिक स्पर्धांत 'वजीर' नावाचा एक गडी असतो आणि त्यास कोणत्याही दिशेने पळण्याची परवानगी असते. प्रेक्षकांस ते आवडते असे ऐकतो. आम्हांस ते फारसे रुचलेले नाही. पण तो जुन्या माणसाचा हट्टही असू शकेल.)

ह्या मुलांत नववीतला एक मुलगा आहे. अंगाने स्थूल, चालीने मंद. तीन वर्षे तो नियमाने येत आहे आणि तीन वर्षांत एकाही स्पर्धेच्या संघात त्याची निवड झालेली नाही. पुढेही होईल असे वाटत नाही, आणि ते त्यास ठाऊक आहे. आमच्या सभासदांचा प्रश्न ह्या मुलाइतका दुसऱ्या कोणासच लागू पडत नाही. पदक नाही, प्रमाणपत्र नाही, वजनही म्हणावे तितके उतरलेले नाही. आम्ही त्यास जवळ बोलावून विचारले, "बाळ, तू रोज कशासाठी येतोस?" त्यास प्रश्नच नीट कळला नाही. थोडा घोटाळल्यासारखा होऊन तो म्हणाला, "काका, मी नाही आलो तर आठच होतात ना."

एवढेच बोलून तो पळत जाऊन आपल्या जागी बसला.

आम्हांस त्या उत्तराने पुष्कळ विचार करावयास लावले. ह्या वयातील मुलाची दिवसभराची स्थिती आठवून पाहावी. शाळेत तो साठांतील एक असतो. तो गैरहजर राहिला तर हजेरीच्या वहीत एक खूण होते, वर्ग जसाच्या तसा चालतो. शिकवणीतही तेच. घरी त्यास प्रेम मिळते, परंतु घरास त्याची गरज आहे असे त्यास क्वचितच वाटते. उलट त्याच्यासाठी घर किती खर्च करीत आहे हेच त्याच्या कानी येते. लहान मूल ह्याची खंत करीत नाही. मोठ्या माणसास त्याचा धंदा, त्याची नोकरी, त्याचे कुटुंब ही जाणीव देते. तेरा ते अठरा ह्या वयात मात्र माणूस आपले कोठे काही अडते का, हे शोधीत असतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे काहीच अडत नाही असे त्यास दिसून येते. पटांगणावर त्याच्या नावाची चौकोनी जागा आहे. तो आला नाही तर ती जागा रिकामी राहते, पळणारा तेथूनच निसटतो, आणि बाकीचे आठ जण त्याच्या घराखाली येऊन हाका मारतात.

मग प्रश्न येतो की, ह्यासाठी नियमबद्ध, पंचांचा, वेळापत्रकाचा खेळच कशास हवा? आम्ही लहानपणी दांडियाबाजारातल्या बोळांत विटीदांडू खेळलो तेव्हा कोण पंच होता? तुकोबारायांनी विटीदांडू आणि हुतुतू ह्यांना आपल्या अभंगांत आणले, ते काही जिमखान्याचे खेळ नव्हते. हे सारे मान्य. परंतु आम्हांस हेही आठवते की आमचा विटीदांडू बहुधा भांडणात संपत असे, आणि ज्याचा भाऊ थोर त्याचे म्हणणे खरे ठरत असे.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे ह्यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून १९३२ साली मुलांच्या नीतिबुद्धीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे नियम कोणी केले, ते बदलता येतील काय, असे ते मुलांना विचारीत. लहान मुलांस नियम वडिलांकडून किंवा देवाकडून आलेले, म्हणून अढळ वाटत. मात्र प्रत्यक्ष खेळताना ती मनास येईल तशी वागत. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांच्या ध्यानात येई की नियम आपण सर्वांनी मान्य केला म्हणून नियम आहे, सर्वांच्या संमतीने तो बदलताही येईल. आणि हीच मुले तो अधिक काटेकोरपणे पाळीत. ह्यातील मर्म पाहण्याजोगे आहे. किशोरवयीन मुलास शिस्त नको असते असे आपण समजतो. त्यास नको असते ती लादलेली शिस्त. जो मुलगा घरी 'दिवा मालव' म्हटल्यावर तीन वेळा ऐकत नाही, तोच पटांगणावर पंचाची शिट्टी वाजताच, आपण बाद नव्हतो अशी मनोमन खात्री असूनही, मान खाली घालून बाहेर येतो. त्याच्यावर सक्ती कोणाची असते? कोणाचीच नाही, तो आत्ता उठून घरी गेला तरी चालेल. आपण होऊन पत्करलेले हे त्याच्या आयुष्यातील बहुधा पहिलेच बंधन. आणि पंच तटस्थ आहे, त्यास ना कोणाचा थोरला भाऊ दिसतो ना कोणाच्या बापाची मोटार, म्हणून ते बंधन त्यास अपमानाचे वाटत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती उघड बोलली पाहिजे. पटांगणावर दहा-बारा मुली येतात. त्यांतील एकीच्या आजी, ज्या दर गुरुवारी भजनास असतात, आम्हांस म्हणाल्या, "नुसतं खेळायला जाते म्हणाली असती तर मी पाठवलं नसतं. पण सराव आहे, बाई शिकवायला आहेत, साडेसातला सुटतो, असं सांगितलं. मग काय म्हणणार?" मुलास संध्याकाळी घराबाहेर राहण्यास कारण लागत नाही. मुलीस लागते. खेळास वेळ आहे, शिक्षिका आहेत, गणवेश आहे, म्हणून तिला दोन तास मोकळ्या आकाशाखाली धावावयास मिळते. ज्यास आपण 'संघटित' म्हणून थोडे नाक मुरडतो, ते संघटन तिच्यासाठी दाराची कडी काढणारे ठरते. ती कशासाठी येते हे आम्ही विचारले नाही. विचारण्याची गरज वाटली नाही.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी. दोन वर्षांपूर्वी हजेरी वाढावी म्हणून आम्हीच अशी टूम काढली होती की, जो चातुर्मासात शंभर दिवस सरावास येईल त्यास मंडळातर्फे एक चांगले दप्तर देण्यात येईल. हजेरी वाढली. आम्ही खूश झालो, सभेत आकडेही वाचून दाखविले. पण थोड्याच दिवसांत मुले "आज हजेरी धरणार ना?" असे विचारू लागली. पूर्वी पाऊस आला तर चिखलात खेळत, ती आता वहीत नाव लागले की घरी जाऊ लागली. कार्तिकात दप्तरे वाटली आणि मार्गशीर्षात पटांगण निम्मे झाले. न येणाऱ्यांत जी नवी मुले होती त्यांचे आम्हांस काही वाटले नाही. परंतु त्यांत चार-पाच जण असे होते की, दप्तराचे नाव निघण्यापूर्वी ती एक दिवस चुकवीत नसत.

पुढे वाचनात आले की, अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या संशोधकांनी १९७३ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्या बालकांस चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांतील काहींना चित्र काढल्यास बक्षीस देऊ असे आधी सांगितले. काहींना न सांगता दिले. काहींना दिलेच नाही. काही दिवसांनी पाहिले तो ज्यांनी बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढली होती, ती मुले आता आपण होऊन चित्रांकडे पुष्कळच कमी वळत होती. ती बालवाडीतील मुले होती. पंधरा वर्षांच्या मुलांस तोच नियम जसाच्या तसा लागू करावा असे आमचे म्हणणे नाही. पण आमच्या दप्तरांनी तीच साक्ष दिली. आम्ही त्यांच्या आवडीची मजुरी ठरवून दिली, आणि मजुरी थांबताच काम थांबले. फलाची आशा धरू नये असे प्रवचनांतून माना डोलावून ऐकणारे आम्ही, पोरांच्या खेळास मात्र फळ टांगून बसलो होतो!

बाहेरचे फळ खेळात शिरले म्हणजे काय होते ह्याचे याहून कडू उदाहरण आम्ही एका स्पर्धेत पाहिले. ठिकाण आणि संघ ह्यांची नावे देण्याचे प्रयोजन नाही. सोळा वर्षांखालील सामना होता. समोरच्या संघातील दोन गडी अठरा-एकोणिसांचे असावेत हे कोणासही दिसत होते, कागद मात्र सोळाचे होते. आमची मुले हरली. गाडीत बसल्यावर कोणी रडेल असे वाटले होते. कोणी रडले नाही. त्यांतील एकाने विचारले, "काका, आपणही पुढच्या वर्षी तसे कागद करायचे का?" तो खवचटपणे विचारीत नव्हता. जिंकणे हाच हेतू असेल आणि मोठी माणसेच कागद करून देत असतील, तर त्यात गैर काय, हे त्यास खरोखरच समजून घ्यावयाचे होते. आम्ही उत्तर देण्याच्या आधी मागील बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग खेळायचं कशाला? कागदच दाखवायचे." गाडीत सर्वजण हसले आणि विषय तेथेच राहिला.

सगळी मुले निर्मळ मनाने येतात असे चित्र रंगविण्याचा आमचा हेतू नाही. काही आईवडिलांनी ढकलली म्हणून येतात, काही मित्र येतो म्हणून, काही महाविद्यालयीन प्रवेशात उपयोग होईल म्हणून. एक-दोघे तर केवळ शिकवणी चुकविण्यासाठी येत असत, हे आम्हांस मागाहून समजले. ह्यांतील कोणास परत पाठवावे असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याच कारणाने आलेला मुलगा एके दिवशी पाठीवर खो पडताच सारे विसरून झेपावतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मैदान नेहमी न्यायीच असते असेही नाही. ओरडणारे शिक्षक असतात, हरल्यावर एकाच मुलाच्या माथी सारा दोष मारणारे सोबती असतात, आणि दहावीचे वर्ष लागले की घरचे लोक पटांगणाचे नावही काढू देत नाहीत. तो स्थूल मुलगा ह्या जूनपासून दहावीत जाईल. त्याच्या वडिलांनी आम्हांस भेटून 'आता पुरे झाले' असे सांगितले आहे. आम्ही त्यांना त्यांच्या मुलाचे उत्तर सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आठवड्यातून तीन दिवस पाठवतो."

ज्येष्ठ सभासदांनी आपली सूचना मागे घेतलेली नाही, आणि शिखराचे तडेही आपोआप बुजणार नाहीत. निधीसाठी दुसरी काही तरतूद सुचविता येईल काय, ह्याचा विचार आम्ही करीत आहोत, वाचकांनीही करावा. पुढील सभा अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी आहे. त्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी साडेपाचनंतर आमच्यासमवेत पटांगणावर यावे, अशी विनंती आम्ही त्या सभासदांस केली आहे. येतो म्हणाले आहेत. पूर्वेकडील खांब पायथ्याशी कुजला आहे, तो तेवढा त्याआधी बदलून घ्यावा लागेल.